हिवाळ्यातलं शिखर आणि माणसाचा हेतू

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कारण आणि हेतू यांतला फरक पाहिला. दगड डोंगरावरून घरंगळतो त्याला कारण असतं, माणूस डोंगर चढतो त्याला हेतू असतो, असं आपण ढोबळमानाने म्हटलं होतं. त्यावर बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं की हेतू म्हणजे नक्की काय, तो कुठे असतो, आणि तो खरा आहे की सांगण्यापुरता आहे हे ओळखायचं कसं. या प्रश्नाला नुसत्या व्याख्येने उत्तर देता येत नाही, त्यासाठी एखादं उदाहरण हाताशी लागतं. म्हणून आज आपण जरा टोकाचं उदाहरण घेणार आहोत. हिमालयातली आणि काराकोरममधली आठ हजार मीटरांवरची शिखरं, आणि तीही भर हिवाळ्यात चढणारी माणसं.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या सह्याद्रीत हिवाळा म्हणजे ट्रेकचा मोसम. दिवाळी झाली की पाठपिशव्या बाहेर निघतात, हरिश्चंद्रगडावर तंबू पडतात, कळसूबाईवर सूर्योदयाला गर्दी होते. पावसाचा निसरडेपणा नाही, उन्हाचा तडाखा नाही, अंगाला बोचेल इतकीच थंडी. त्यामुळे ‘हिवाळी गिर्यारोहण’ हा शब्द ऐकला की आपल्या मनात काहीतरी प्रसन्न चित्र उभं राहतं. कळसूबाई १६४६ मीटर आहे. के-टू ८६११ मीटर. उंचीचा हा फरक आहेच, पण हिवाळा या शब्दाचा अर्थच तिथे बदलतो.

काय बदलतं? पहिली गोष्ट वारा. वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक वेगवान प्रवाह असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उन्हाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला सरकलेला असतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतो आणि या शिखरांच्या माथ्यावरूनच वाहतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा ही तिथे नेहमीची गोष्ट. अशा वाऱ्यात माणूस उभा राहू शकत नाही, तंबू टिकत नाही. दुसरी गोष्ट थंडी. उणे तीस, उणे चाळीस अंश, आणि वर हा वारा. हातमोजा काही मिनिटांसाठी काढला तरी बोटं कायमची जाऊ शकतात. तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर एरवीही समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश ऑक्सिजन श्वासाला मिळतो. हिवाळ्यात हवेचा दाब आणखी उतरतो, म्हणजे तेच शिखर शरीराच्या दृष्टीने जणू आणखी उंच होतं. चौथी गोष्ट, दिवस लहान. पाचवी, वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडून गेलेला असतो आणि खाली काचेसारखा टणक बर्फ उरतो, त्यावर बुटांचे खिळे धड रुतत नाहीत.

मग माणूस हिवाळ्यातच का जातो? त्याच शिखरावर मे महिन्यात जाता येत असताना जानेवारीत का?

याचं एक ऐतिहासिक उत्तर आहे, ते आधी पाहू. जगात आठ हजार मीटरांहून उंच शिखरं चौदा. त्यांतलं पहिलं, अन्नपूर्णा, १९५० साली फ्रेंचांनी चढलं. चौदावं, शिशापांग्मा, १९६४ साली चिनी गिर्यारोहकांनी. म्हणजे चौदा वर्षांत सगळी ‘पहिली’ संपली. या काळात पोलंड युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश होता. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीत परदेशी जायला पासपोर्ट मिळणं मुश्कील, परकीय चलन मिळणं त्याहून मुश्कील. पोलिश गिर्यारोहकांना हिमालयाचा रस्ता मोकळा होईपर्यंत जेवणाची पंगत उठून गेलेली होती. या मंडळींनी पैसे कसे उभे केले? कारखान्यांच्या उंच धुरांड्यांवर दोराने लटकून ती रंगवायची कामं घेतली. दोर आणि उंची यांचीच त्यांना सवय होती, तीच विद्या पोटापाण्याला आणि मोहिमेला लावली.

त्यांच्यात आंजेय झावादा नावाचे एक गृहस्थ होते. पेशाने भूभौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी विचार केला की शिखरं संपली असतील, ऋतू संपलेला नाही. १९७३ च्या फेब्रुवारीत त्यांनी हिंदुकुशमधलं नोशाक हे ७४९२ मीटरचं शिखर चढलं. सात हजार मीटरांवरचं शिखर हिवाळ्यात चढलं जाण्याची ही पहिली वेळ. १९७४ च्या डिसेंबरात ल्होत्सेवर ते ८२०० मीटरांच्या वर गेले आणि तिथून परत फिरले. आणि १७ फेब्रुवारी १९८० ला त्यांच्या मोहिमेतले लेशेक चिही आणि क्शिश्तोफ व्हिएलित्स्की हे दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. परवान्याची वाढवून मिळालेली मुदत त्याच दिवशी संपत होती. पुढच्या आठ वर्षांत नेपाळमधली आणखी सहा शिखरं हिवाळ्यात पहिल्यांदा चढली गेली, आणि सगळी पोलिश गिर्यारोहकांनीच. व्हिएलित्स्कींनी १९८८ च्या ३१ डिसेंबरला ल्होत्से चढलं ते एकट्याने, आणि मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेला आधाराचा पट्टा बांधून.

हे झालं ऐतिहासिक उत्तर. दुसऱ्यांनी ऋतूची एक जागा रिकामी ठेवली होती, ती यांनी भरली. पण लक्षात घ्या, हे उत्तर एका पिढीला लागू पडतं. उणे चाळीस अंशांत पहाटे तीन वाजता झोपेच्या पिशवीतून बाहेर पडणाऱ्या एका माणसाला ते पुरत नाही. राष्ट्राचा इतिहास कुणाला बूट घालायला लावत नाही. तिथे त्या माणसाचं स्वतःचं काहीतरी लागतं. ते काय, हा आपला विषय.

सर्वांत प्रसिद्ध उत्तर जॉर्ज मॅलरीचं. एव्हरेस्ट का चढायचं, असं १९२३ साली न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने विचारलं तेव्हा, तो तिथे आहे म्हणून, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं अशी नोंद आहे. गेली शंभर वर्षं लोक हे उत्तर कधी फार खोल म्हणून सांगतात, कधी चेष्टेने. आमच्या मते ते उत्तर नाहीच. तो प्रश्नाला दिलेला नकार आहे. आपल्या घरी मूल सारखं ‘का, का’ करतं तेव्हा आपण शेवटी ‘असंच’ म्हणतो ना, तसं.

तत्त्वज्ञानात याहून चांगली तीन उत्तरं सापडतात. ती एकेक करून पाहू.

पहिलं कान्टचं. १७९० च्या त्याच्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये उदात्ताची चर्चा आहे. प्रचंड कडे, वादळ, ज्वालामुखी यांच्यासमोर आपलं शरीर किती क्षुद्र आहे हे जाणवतं, आणि त्याच क्षणी आपल्यात या शक्तीला न नमणारं काहीतरी आहे हेही जाणवतं. या दुहेरी जाणिवेला तो उदात्त म्हणतो. पण त्याची एक अट आहे. पाहणारा सुरक्षित जागी असला पाहिजे. जीव धोक्यात असेल तर भीती वाटेल, उदात्त वाटणार नाही. आता कान्ट स्वतः आयुष्यभर कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर फारसा गेला नाही, त्यामुळे त्याची सुरक्षितता पक्की होती! त्याच ग्रंथात त्याने आल्प्समधल्या एका शेतकऱ्याचा उल्लेख केला आहे. बर्फाच्या डोंगरांवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना तो शेतकरी सरळ मूर्ख म्हणत असे. त्या शेतकऱ्याचं म्हणणं आपण टाकून देऊ नये. बर्फाशी रोजची गाठ असलेल्या माणसाचं ते मत आहे. कान्टचं उत्तर खिडकीतून हिमशिखर पाहणाऱ्याला लागू पडतं. खिळ्यांच्या बुटांनी भिंतीला लटकलेल्या माणसाला ते लागू पडत नाही, कारण कान्टची अटच तिथे मोडलेली असते.

दुसरं उत्तर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाचं. खेळ म्हणजे काय, या प्रश्नावर १९७८ मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा आपल्या शब्दांत असा. खेळात आपण एखादं साध्य ठरवतो आणि ते गाठण्याचा सोपा मार्ग स्वतःहून वर्ज्य करतो. चेंडू हाताने जाळ्यात टाकणं सोपं, पण फुटबॉलमध्ये हात लावायचा नाही. हा अडथळा गरजेचा नसतो. खेळ व्हावा म्हणून आपण तो पत्करतो. हिवाळी गिर्यारोहण या व्याख्येत चपखल बसतं. मे महिना हा सोपा मार्ग, तो वर्ज्य.

पण मग नियम काटेकोर लागतात, आणि तिथे एक मोठा वाद आहे. हिवाळा कधी सुरू होतो आणि कधी संपतो? बहुतेक गिर्यारोहक खगोलीय हिवाळा मानतात, म्हणजे २१ डिसेंबर ते मार्चमधला विषुवदिन. डेनिस उरुब्को हे अत्यंत कसलेले गिर्यारोहक म्हणतात की हवामानाच्या दृष्टीने हिवाळा फेब्रुवारीअखेर संपतो, मार्चमधल्या चढाईला हिवाळी म्हणू नये. बाहेरच्याला हा किस काढणं वाटेल. पण २०१८ साली के-टूच्या पोलिश मोहिमेत असताना याच मतापायी फेब्रुवारी संपायच्या आत उरुब्को कुणाला न विचारता एकटेच वर निघाले, शिखर न गाठता परतले आणि मोहिमेतून बाहेर पडले. नियमाच्या अर्थासाठी माणूस जीव धोक्यात घालतो. सूट्स यांचं उत्तर इथपर्यंत उत्तम चालतं. मात्र बुद्धिबळात हरलेला माणूस घरी येऊन जेवतो, आणि इथे हरलेला कधी कधी घरी येतच नाही. ज्या खेळात खेळाबाहेरचं सगळं आयुष्य पणाला लागतं, त्याला नुसता खेळ म्हणून भागत नाही.

तिसरं उत्तर आर्ने नेस या नॉर्वेच्या तत्त्वज्ञाचं. पर्यावरणाच्या तत्त्वज्ञानासाठी ते प्रसिद्ध आहेत. हे स्वतः गिर्यारोहक. १९५० साली हिंदुकुशमधलं सर्वोच्च शिखर तिरिच मीर पहिल्यांदा चढणाऱ्या मोहिमेचे ते नेते होते, आणि स्वतः माथ्यापर्यंत गेले होते. त्यांनी थोड्या गमतीने, थोड्या गांभीर्याने सुखाचं एक सूत्र मांडलं. अंशस्थानी माणसाच्या अंतरीच्या ऊर्मीचा वर्ग. छेदस्थानी शारीरिक कष्ट अधिक मानसिक कष्ट. भागाकार येईल ते समाधान. गंमत त्या वर्गात आहे. कष्ट दुप्पट झाले आणि ऊर्मीही दुप्पट झाली, तर समाधान घटत नाही, उलट दुप्पट होतं. म्हणून ज्याला बाहेरचे लोक यातना म्हणतात त्यातून ही माणसं तृप्त होऊन येतात. हे उत्तर आम्हाला तिघांत सर्वांत जवळचं वाटतं. कष्टांचं गणित एकट्या कष्टांनी होत नाही, हे त्यात बरोबर पकडलं आहे. पण ऊर्मी चांगली की वाईट हे ते सूत्र सांगत नाही. जुगाऱ्याची ऊर्मीही वर्गात वाढते.

तर तिन्ही उत्तरांत एक समान गृहीत आहे. हेतू आधीपासून तयार असतो, आणि माणूस तो पाठपिशवीत भरून डोंगरावर नेतो. वर जाऊन पिशवी उघडली की आत काय होतं ते कळेल, असं समजून आपण गिर्यारोहकांना ‘का’ असं विचारत असतो. आमचं म्हणणं वेगळं आहे. हेतू घरून निघताना अर्धवट असतो. कीर्ती, कुतूहल, मित्रांची सोबत, देश, हट्ट, घरातल्या कटकटी टाळणं, सगळ्यांची सरमिसळ असते. त्याला आकार येतो तो वाटेवर, आणि विशेषतः एका ठिकाणी. जिथे शिखर अजून वर आहे आणि परतीचा प्रश्न उभा राहतो, तिथे. चार प्रसंग घेऊन हे पाहू.

पहिला प्रसंग ब्रॉड पीकचा. मात्सिएई बेर्बेका १९८८ च्या मार्चमध्ये या ८०५१ मीटरांच्या शिखरावर गेले. खराब हवेत त्यांना वाटलं की माथा आला. नंतर कळलं की ते अलीकडचं उपशिखर होतं, मुख्य माथ्याहून जेमतेम वीस-पंचवीस मीटर कमी, पण माथा तो नव्हे. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी ते पुन्हा त्याच शिखरावर गेले. ५ मार्चला चौघे माथ्यावर पोचले. बेर्बेका पोचले तेव्हा संध्याकाळ झालेली होती. उतरताना ते आणि २७ वर्षांचे तोमाश कोवाल्स्की परत आले नाहीत. आदाम बिएलेत्स्की आणि आर्तुर मावेक हे दोघे वाचले.

या घटनेवर पोलंडमध्ये फार कडवट चर्चा झाली. पोलिश गिर्यारोहण संघटनेच्या चौकशी अहवालात संघ एकत्र राहिला नाही यावर ठपका ठेवला गेला. आपण इथे बसून कुणाचा न्याय करणार नाही. त्या उंचीवर दुसऱ्यासाठी थांबणं म्हणजे काय, हे मैदानावरच्या माणसाने बेतानेच बोलावं. आपल्याला एवढंच पाहायचं आहे की पंचवीस वर्षं अपुरं राहिलेलं काम माणसाला कुठल्या घडीला पुढे ढकलतं. ‘इतकी वर्षं वाट पाहिली, आता तासाभराचंच तर अंतर आहे’ हा विचार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. इतका खर्च झालाच आहे तर आणखी थोडा, म्हणून माणसं बुडत्या धंद्यात पैसे घालत राहतात. भूतकाळात घातलेलं जितकं जास्त, तितकं माघारी वळणं अवघड.

दुसरा प्रसंग नंगा पर्बतचा. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी हे ८१२६ मीटरांचं शिखर हिवाळ्यात पहिल्यांदा चढलं गेलं. माथ्यावर पोचले ते इटलीचे सिमोने मोरो, बास्क प्रदेशातले आलेक्स चिकोन आणि पाकिस्तानचे अली सदपारा. त्यांच्यासोबत चौथी व्यक्ती होती, तमारा लुंगर. ती पोचली असती तर हे शिखर हिवाळ्यात चढणारी पहिली स्त्री ठरली असती. त्या दिवशी तिची तब्येत बिघडली होती. माथा सुमारे ७० मीटर राहिला असताना ती थांबली. तिला कळलं की ती वर जाऊ शकेल, पण मग उतरायला तिला मदत लागेल आणि त्या मदतीची किंमत सोबतच्यांना मोजावी लागेल. ती परत फिरली. ७० मीटर म्हणजे साधारण वीसेक मजल्यांची इमारत. एवढ्यासाठी तिने इतिहासातली जागा सोडली.

इथे कुणी म्हणेल, हा तर गीतेतला निष्काम कर्मयोग. आम्हाला तसं म्हणण्याची घाई करावीशी वाटत नाही. तिला फळाची इच्छा नव्हती असं अजिबात नाही. इच्छा नसती तर ती तिथवर पोचलीच नसती. इच्छा पूर्ण शाबूत होती, आणि तरीही ती इच्छा शेवटचा शब्द ठरली नाही. इच्छा नसणं आणि इच्छा असूनही तिच्या हाती सूत्रं न देणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी आपल्यासारख्यांच्या जास्त उपयोगाची.

तिसरा प्रसंग त्याच नंगा पर्बतवर, २०१८ चा जानेवारी. फ्रान्सची एलिझाबेथ रेव्हॉल आणि पोलंडचे तोमेक मात्सकिएविच हे दोघे वर गेले. मात्सकिएविच यांचा या शिखरावरचा हा सातवा हिवाळी प्रयत्न. माथा गाठला, पण उतरताना त्यांना दिसेनासं झालं, हातपाय गोठले. रेव्हॉलने त्यांना जमेल तितकं खाली आणलं आणि मदत मागितली. त्या वेळी के-टूवर ती पोलिश मोहीम होती, जिचा उल्लेख मघाशी आला. तिथले चौघे आपलं शिखर बाजूला ठेवून पाकिस्तानी लष्कराच्या हेलिकॉप्टरने नंगा पर्बतच्या पायथ्याशी उतरले. त्यांतल्या दोघांनी रात्रभर, अंधारात, सुमारे आठ तासांत हजार मीटरांहून जास्त चढून रेव्हॉलला गाठलं आणि खाली आणलं. मात्सकिएविच यांच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. ते वरच राहिले.

ते दोघे कोण? एक आदाम बिएलेत्स्की. ब्रॉड पीकनंतर ज्यांच्यावर टीका झाली तेच. दुसरे डेनिस उरुब्को. महिन्याभराने नियमाच्या हट्टापायी सोबत्यांना सोडून एकटे निघाले तेच. आता सांगा, ‘बिएलेत्स्की कसल्या हेतूने चढतात’ किंवा ‘उरुब्को स्वार्थी की परोपकारी’ या प्रश्नांना एका शब्दात काय उत्तर देणार? स्वार्थी आणि परोपकारी हे शब्द आपण माणसाला चिकटवतो, डब्यावर कागद चिकटवावा तसे. खरं पाहता ते त्या त्या वळणावरच्या कृतीचे शब्द आहेत. तोच माणूस, तोच डोंगराचा ध्यास, आणि प्रत्येक वळणावर त्या ध्यासाला वेगळा आकार येतो. हेतू पिशवीत भरून नेलेला नसतो असं आम्ही म्हटलं, ते यासाठी.

चौथा प्रसंग के-टूचा. २०२१ च्या जानेवारीपर्यंत चौदापैकी तेरा शिखरं हिवाळ्यात चढून झाली होती. त्या तेराही पहिल्या चढायांत माथ्यावर पोचलेला एकही नेपाळी माणूस नव्हता. दोर लावणं, ओझी वाहणं, तंबू उभारणं यात शेर्पांच्या पिढ्या गेल्या. इतिहासाच्या पानावर नावं दुसऱ्यांची. १६ जानेवारी २०२१ ला दहा नेपाळी गिर्यारोहक के-टूच्या माथ्याजवळ पोचले. नऊ शेर्पा आणि एक मगर समाजातले निर्मल पुर्जा. ते वेगवेगळ्या तुकड्यांत आले होते. माथा दहाएक मीटरांवर असताना पुढचे थांबले. त्या थंडीत, त्या उंचीवर, मागच्यांची वाट पाहिली. मग सगळे मिळून, राष्ट्रगीत म्हणत शेवटची पावलं चालले. पहिला कोण, या प्रश्नाला त्यांनी उत्तरच उरू दिलं नाही.

इथे देश हा हेतू होता का? होता. कीर्ती? तीही होती, नाकारायचं कारण नाही. पण ते दहा मीटर पाहा. हेतू काय होता हे त्यांनी मुलाखतीत सांगितलं नसतं तरी त्या थांबण्यातून आपल्याला वाचता आलं असतं.

म्हणून आमचं आजचं प्रतिपादन असं. हेतूची पारख माथ्यावर होत नाही. माथ्यावर सगळेच सारखे दिसतात, झेंडा आणि फोटो. पारख होते ती थांबण्यात, वाट पाहण्यात आणि परत फिरण्यात.

आता यातली एक व्यावहारिक अडचण. आठ हजार मीटरांवर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. विचार मंदावतात, आणि विचार मंदावले आहेत हे कळण्याची शक्तीही मंदावते. म्हणजे जिथे सर्वांत महत्त्वाचा निर्णय घ्यायचा, तिथेच निर्णयशक्ती सर्वांत क्षीण. म्हणून जाणते गिर्यारोहक परत फिरायची वेळ खालीच ठरवतात. अमुक वाजेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून माघारी. ग्रीक कथेतला ओडिसिअस जलपऱ्यांच्या गाण्याने आपण भुलणार हे जाणून होता. त्याने आधीच स्वतःला डोलकाठीला बांधून घ्यायला सांगितलं, आणि नंतर मी कितीही विनवलं तरी सोडू नका असंही बजावलं. शुद्धीवर असलेल्या मीने बेशुद्ध होणाऱ्या मीसाठी आखलेली ही लक्ष्मणरेषा. आपल्याकडे संकल्प हा शब्द आहे तो याच जातीचा. फक्त आपण संकल्प नेहमी काहीतरी मिळवण्याचा सोडतो. थांबण्याचाही संकल्प सोडता येतो, हे सहसा लक्षात येत नाही.

या मालेच्या एका श्रोत्या बाईंनी गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं. मुलगा वर्षानुवर्षं सह्याद्रीत भटकतो, उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन आला, आणि आता हिवाळ्यात हिमालयात जायचं म्हणतो. ‘का जातोस’ असं विचारलं की तो गप्प बसतो, कधी चिडतो. त्यांनी लिहिलं आहे, सर, त्याच्या मनात काय आहे हे मला कसं कळेल?

ताई, आम्हाला वाटतं तो गप्प बसतो कारण त्यालाही अजून नीट माहीत नाही, आणि त्यात त्याची लबाडी नाही. ‘का’ हा प्रश्न त्याला आत्ता विचारू नका. त्याला विचारा, कुठून परत फिरशील? किती वाजता? सोबतीला कोण आहे, आणि तो दमला तर तू काय करशील? तू दमलास तर त्याच्यावर काय वेळ येईल? या प्रश्नांची त्याच्याकडे तपशीलवार उत्तरं असतील, तर त्याने डोंगराचा नीट विचार केला आहे असं समजा. तुमची काळजी त्याने संपणार नाही, आणि आम्ही ती संपवू असं म्हणण्याचा आम्हाला अधिकारही नाही. मात्र उत्तरं नसतील, ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं तो म्हणाला, तर मात्र अडवा. अडवण्याचा हक्क तुम्हाला तेव्हा नक्की आहे.

कारण सगळी तयारी असूनही डोंगर हिशेब चुकवतो, हेही सांगायला हवं. ज्या अली सदपारांचं नाव आपण घेतलं, ते स्कर्दूजवळच्या सदपारा गावचे. ओझी वाहण्याच्या कामापासून सुरुवात करून ते पाकिस्तानातल्या सर्वांत नावाजलेल्या गिर्यारोहकांपैकी एक झाले. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी ते दोन परदेशी सोबत्यांसह के-टूवर चढत होते. त्यांचा मुलगा साजिद बरोबर होता. साजिदच्या ऑक्सिजनच्या यंत्रात बिघाड झाला आणि तो ८००० मीटरांच्या वरून माघारी वळला. तिसऱ्या छावणीत तो वडिलांची वाट पाहत राहिला. तिघेही आले नाहीत. त्याच उन्हाळ्यात साजिद पुन्हा त्या डोंगरावर गेला, वडिलांचा देह सापडल्यावर त्याची व्यवस्था लावली. तो त्यानंतरही चढत राहिला आहे.

त्याला ‘का’ असं विचारायला आमची जीभ रेटत नाही. पण एक दिसतं. ज्या उंचीवर तो माघारी वळला, तिथूनच त्याचं पुढचं सगळं आयुष्य निघालं.

आपल्यापैकी बहुतेक जण के-टूवर जाणार नाहीत. आमच्या गुडघ्यांना तर आता पर्वतीच्या पायऱ्यासुद्धा मोजून चढाव्या लागतात. तरी नोकरी, धंदा, संशोधन, कोर्टकज्जे, घरातले जुने रुसवे, यांत प्रत्येकाचा एखादा माथा ‘तासाभराच्या अंतरावर’ असतोच. तो का हवा आहे, याचं सुंदर उत्तर तयार ठेवण्यापेक्षा कुठल्या वेळेला परत फिरायचं आणि कुणासाठी थांबायचं हे अंगात त्राण असतानाच ठरवून ठेवावं. पुढच्या व्याख्यानात आपण संकल्प आणि इच्छाशक्ती यांकडे वळू. ॲरिस्टॉटलने याबद्दल फार बारकाईने लिहिलं आहे. आज इथे थांबू या. प्रश्न असतील त्यांनी जरूर विचारावेत.